लोणच्याचे दिवस नव्हते

ती घटना आठवली, की आजही स्वयंपाकघरात माझा हात मिठाच्या बरणीपाशी थांबतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी मोताळ्याकडच्या एका ठाण्यावर ठाणेदार होतो. जवळच्या एका गावची टेकडी रेल्वेच्या खडीसाठी फोडली जात होती. पूर्वी तिथे गुरे चारणाऱ्या बायाच आता तिथे बसून खडी फोडत. टेकडीला जुने नाव होते. ते कोणी घेत नसे. सगळे ‘खदान’ म्हणत.

एका सकाळी ठेकेदार फिर्याद घेऊन आला. सुरुंगाच्या दारूचे डबे चोरीला गेले होते. दारू भलत्या हातांत पडली तर जीव जातील, म्हणून तपास मीच घेतला. कामावरून काढलेल्यांचे जबाब झाले. निष्पन्न काही नाही. मग बाजारातल्या एका दुकानदाराने आमच्या शिपायाच्या कानावर घातले, की खडी फोडणारी एक म्हातारी पोतेभर खडे मीठ घेऊन गेली.

खडी फोडणाऱ्या बाईला एवढे मीठ कशाला, हे खटकले म्हणून मी तिच्या दारी गेलो.

“मावशी, एवढं मीठ कशाला?”

“लोणच्याले.”

“दिवाळी होऊन गेली. आता कैऱ्या कुठल्या?”

“पुलिसवाले लोणचं बी घालतेत काय हो?”

शेजारच्या बाया हसल्या. ती हसली नाही.

मी ओट्यावर बसून राहिलो. गप्प माणसाला प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्याच्याजवळ गप्प बसावे लागते. शेवटी तीच बोलली.

“दारू नाल्यात सांडली म्या. आता जिथं सुरुंग लावून राह्यले, तिथं आमची लेकरं हायेत.”

दात न आलेल्या मुलांना आपल्याकडे जाळत नाहीत. खड्ड्यात मीठ घालून पुरतात. गावाची ती जागा टेकडीवर होती.

“मुकादमाले म्हटलं, थोडं थांब, आमी हलवतो. तो म्हणे, हाडं बी खडीतच जातीन. मंग काय करू, सांगा ना!”

“एकटीच होतीस?”

“एकटीच. लिहा.”

बाकीच्या बाया जमिनीकडे पाहत होत्या. मी ‘एकटी’ लिहिले.

ठेकेदाराला बजावले, पंचनामा पुरा होईपर्यंत घटनास्थळी कुदळसुद्धा चालणार नाही. माझे लिहिणे मुळातच संथ. त्या पंचनाम्यात मी टेकडीवरचे झुडूपन् झुडूप लिहिले. तोवर बायांनी आपापली लेकरे नदीकाठी नेली. म्हातारीला कोर्टाने वय पाहून समज दिली आणि सोडले.

म्हातारीचा जबाब घेतला त्याच संध्याकाळी मी हे घरी सांगितले होते. आमची तान्ही मुलगी आधीच्या नेमणुकीत, लोणारला असताना वारली. तिला तिथेच पुरले. मग बदलीचा हुकूम आला आणि आम्ही निघून आलो. पत्नी सगळे ऐकून एवढेच म्हणाली, “अहो, मीठ पुरेल ना त्यांना?”

सकाळी आमची मिठाची बरणी रिकामी होती.

चोरीला काय गेले ते फिर्यादी सांगतो. कुणाचे काय गेले ते आपण विचारायचे असते. हे मी त्या ओट्यावर शिकलो. ती टेकडी आता रुळांखाली पसरली आहे. पत्नीही राहिली नाही. बरणी तीच आहे. भरलेली असते, तरी मी झाकण काढून बघतो.