रस्त्याकडे तोंड असलेली खुर्ची

हसनचाचा गाडीत कधी जेवले नाहीत. दोह्यात ते एका श्रीमंत घरचे ड्रायव्हर होते. घरची मंडळी हॉटेलात जेवायला गेली की शेवटी एक पार्सल बाहेर यायचं, ते ड्रायव्हरचं. इथली रीतच आहे ती. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. चाचा "शुक्रन" म्हणून पार्सल घ्यायचे, शेजारच्या सीटवर ठेवायचे आणि खोलीवर गेल्यावर ताटात काढून, मांडी घालून जेवायचे. तोवर बिर्याणीचा दगड झालेला असायचा.

"गाडीत माणूस थांबतो, जेवत नाय," ते म्हणायचे. "जेवायला बसावं लागतं, बाय."

शुक्रवारी ते फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या घरी यायचे. बाबा चिपळूणचे, चाचा दाभोळचे. परदेशात एवढं नातं पुरतं. बाबांनी गावाहून कपड्यांपेक्षा कामगार चळवळीची पत्रकंच जास्त आणली होती, आणि मी त्यांच्यावरच वाढले. त्यामुळे चाचांना त्यांचे हक्क समजावून सांगणं हा माझा शुक्रवारचा कार्यक्रम असे. सुरमईचा काटा काढत ते शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "तुझा कागद बरोबर हाय. पण कागदाला भूक लागत नाय."

पुढे मी शिकायला व्हिएन्नाला गेले. चाचांचे मालक दर उन्हाळ्यात तिथेच मुक्कामाला असत आणि गाडी चालवायला चाचांना सोबत नेत. एकदा त्यांचा फोन आला.

"बाय, उद्याचा दिवस माझा. मोठ्या मालकांनी सोताच्या तोंडानं दिलाय. मला शहर दाखव."

"चाचा, तुम्ही तर दर वर्षी येता इथे!"

"मी पार्किंग बघितलंय."

ते खरंच होतं. रंगीत कौलांच्या मोठ्या चर्चसमोर मी उत्साहाने इतिहास सांगू लागले, तर ते म्हणाले, "इकडे थांबू देत नाय. पोलीस लगेच येतो." राजवाड्यापाशी गाडी लावायला मागची गल्ली बरी, हे त्यांनी मलाच सांगितलं. पण आत गेल्यावर मान वर करून छताकडे ते इतका वेळ बघत राहिले की रखवालदारही त्यांच्याबरोबर वर बघू लागला. बाहेर घोडागाड्या उभ्या होत्या. काळी टोपी घातलेला गाडीवान उंच बैठकीवर, गिऱ्हाईक खाली. चाचा खूश झाले. "बघ, हेंचा ड्रायव्हर मालकाच्या वर बसतो!"

जेवायचं कुठे, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. मालकांचं आवडतं हॉटेल. त्याच्यासमोर फुटपाथला गाडी लावून त्यांनी कित्येक उन्हाळे काढले होते. दारापाशी पोहोचलो आणि सवयीने त्यांनी दार उघडून धरलं. मी आत गेले. माझ्यामागून एक जोडपं गेलं, मग म्हाताऱ्या पर्यटकांचा अख्खा ताफा. प्रत्येक जण आभार मानत होता आणि चाचा मान लववत होते. शेवटी मी परत बाहेर आले.

"चाचा, आज तुम्ही पाहुणे आहात!"

"हाताला कोण सांगणार?" ते हसत म्हणाले आणि आत आले.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. त्यांनी रस्त्याकडे तोंड असलेली खुर्ची निवडली. समोर त्यांची नेहमीची जागा दिसत होती. वेटरने काय घेणार म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा विचारायला लावलं. कळलं नव्हतं म्हणून नव्हे, ऐकायला बरं वाटलं म्हणून.

लोण्यात परतलेला नदीतला मासा आला. पहिला घास घेऊन चाचांनी निकाल दिला, "मासा ताजा हाय. पण बिचाऱ्याला नारळ भेटला नाय." आणि तेवढ्यात फोन वाजला. मालकांचा धाकटा मुलगा होता. गाडी हवी होती. आत्ता, यल्ला, चल लवकर.

दिलेली सुट्टी परत मागणं म्हणजे ताटातला घास उचलणं, असं मी आजही मानते. मी फोनसाठी हात पुढे केला. माझी सगळी पत्रकं ओठांवर आली होती. चाचांनी माझा हात बाजूला केला. "तू नको. भूक मला लागलीय."

नाही म्हटलं तर नोकरी जाईल, हे त्यांना माहीत होतं. गावी मुलगी नर्सिंगला होती. त्यांनी खिडकीबाहेरच्या फुटपाथकडे पाहिलं आणि म्हणाले, "नो सर. टुडे माय डे. आय ॲम ईटिंग." पलीकडचा आवाज चढला. चाचांनी तेच वाक्य, तितक्याच शांतपणे, पुन्हा म्हटलं आणि फोन पालथा ठेवला. मग मासा संपवला. सफरचंदाचा गोड रोलही मागवला, सावकाश खाल्ला.

दोह्याला परतल्यावर त्यांना "खलास" ऐकायला मिळालं, नोकरी गेली. बरेच दिवस वणवण केल्यावर कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल गावात, पाण्याच्या टँकरवर काम लागलं. सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते मला तिथल्या छोट्या हॉटेलात घेऊन गेले. बाहेर एक मोठी गाडी उभी होती. त्या गाडीच्या मालकाचं कुटुंब आतल्या फॅमिली रूममध्ये जेवत होतं आणि ड्रायव्हर गाडीत बसून होता. चाचा उठले, बाहेर गेले आणि काचेवर टकटक केली.

"यल्ला भाई, अंदर आओ."

तो कोण कुठला, चाचांना ठाऊक नव्हतं. तो घाबरून म्हणाला, "साहब बुलाएगा."

"बुलाएगा तो बोलना, खाना खा रहा हूँ."

चाचांनी हॉटेलचं दार उघडून धरलं. तो गाडीतून उतरेपर्यंत धरून ठेवलं. मग आमच्या टेबलापाशी येऊन त्यांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, रस्त्याकडे तोंड असलेली.