कुसुमताईंचा पदर आणि आनंदचे फोन

बडोद्याच्या रावपुऱ्यात लग्नं जमवणाऱ्या बायका पुष्कळ होऊन गेल्या, पण टेलिफोनवर लग्न जमवावं ते कुसुमताईंनीच. कुसुमावती दिघे. माझं इलेक्ट्रिकचं दुकान खाली, त्यांचं वधूवर सूचक केंद्र माझ्या डोक्यावर. पंखा, गीझर, वायर हवी तर माझ्याकडे या. सून किंवा जावई हवा तर जिना चढा.

मी गजेंद्र शिर्के. आमचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. त्यांची तलवार आमच्याकडे खंडेनवमीला बाहेर निघते, माझी जीभ मात्र बारा महिने बाहेर असते, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. खोटं काही नाही त्यात. गिऱ्हाइकानं भाव करायला तोंड उघडलं की माझं डोकं फिरतं. शेजारचा पटेल रोज एकदा तरी ओरडतो, "शिर्केभाई, शांती राखो!" अरे, राखतोय ना!

तर कुसुमताई. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगावर कायम खळ केलेली सुती साडी. स्वतः लग्न केलं नाही, आणि साऱ्या बडोद्याची जमवली. मराठा, ब्राह्मण, सीकेपी, सगळे त्यांच्याकडे. टेबलावर दोन फोन. एक मुलीकडच्यांचा, एक मुलाकडच्यांचा. स्थळ रंगात आलं की डावा रिसीव्हर डाव्या कानाला, उजवा उजव्या कानाला. आता गंमत बघा. दोन्ही घरांना त्या थेट बोलूच देत नसत. मुलाची आई तिकडून काहीतरी खवचट बोलायची. ताई इकडच्या रिसीव्हरवर पदर दाबून धरायच्या, तिकडचं सगळं ऐकून घ्यायच्या, मग पदर काढून मुलीच्या बापाला तेच साखरेत घोळून सांगायच्या.

"मुलगी सावळी आहे हो," असं तिकडून आलं, की इकडे पोचायचं, "मुलीचे डोळे फार आवडले त्यांना."

"हुंडाबिंडा मिळायचा नाही, सांगा त्यांना!" असं इकडून गेलं, की तिकडे पोचायचं, "माणसं फार साधी आहेत, बडेजाव नाही अजिबात."

मी एकदा वर फ्यूज बदलायला गेलो होतो, तेव्हा हा सगळा खेळ बघितला. म्हटलं, "ताई, हे काय? सरळ खोटं बोलता की!"

"गजाभाऊ," त्या म्हणाल्या, "खोटं नाही हो. उकळतं आहे म्हणून जरा फुंकर घालून देते. तुमच्यासारखं भाजून कोण घेणार?"

आता माझं दुखणं सांगतो. माझी मुलगी संयोगिता. वाघोडियाच्या एस्टेटमध्ये बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात. हुशार पोरगी. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून माणसांना कामाला लावते. लग्न करायचं म्हणते, पण नोकरी सोडणार नाही म्हणते. मी म्हणतो बरोबर आहे तिचं. पण तिशी जवळ आली होती आणि प्रत्येक स्थळ तिथेच येऊन अडायचं. ताईंचा निरोप यायचा, "नोकरीचं सवडीनं बघू म्हणतात." बघू! बघू म्हणजे सोडायला लावणार, एवढं न कळायला मी काय दूधखुळा आहे? मी भडकायचो आणि स्थळ मोडायचो.  रात्री जेवताना संयोगिता माझ्या पानात एक पोळी जास्त वाढायची, बस.  एकुलती एक पोर, आणि तिचा बाप असा.

दोन हजार सात साल असेल. ताईंचा भाचा आनंद अलकापुरीतल्या एका कंपनीत लागला. ही कंपनी कारखान्यांचे जुने फोन काढून नव्या पद्धतीचे बसवायची. नेटच्या तारेवरून चालणारे, आयपी फोन म्हणे. आनंद मावशीच्या मागेच लागला.

"मावशी, अमेरिकेतली स्थळं यायला लागली. हे दोन रिसीव्हर धरून किती दिवस बसणार? मान आखडते तुझी."

मान खरंच आखडायची. ताई तयार झाल्या. आनंदनं त्यांच्या जुन्या दोन्ही लायनी एका डब्यात घातल्या, डब्यातून निळी तार काढली, आणि टेबलावर एकच भलामोठा फोन ठेवला. बटणंच बटणं, वर हिरवा पडदा. डब्याला चोवीस तास करंट हवा, म्हणून माझ्या दुकानाच्या इन्व्हर्टरवरून वायर घेतली. त्या बदल्यात तसलाच एक फोन माझ्या गल्ल्यावर ठेवला.

"काका, आता वर ओरडायचं नाही," आनंद म्हणाला. "तीन दाबा, मावशी बोलेल."

"मला काय करायचंय रे हे डबडं?" मी म्हटलं. पण ठेवून घेतलं. दिसायला बरं होतं.

पहिला आठवडा नुसता धिंगाणा. आनंदनं एक आवाज भरून ठेवला होता, "मुलाकडच्यांसाठी एक दाबा, मुलीकडच्यांसाठी दोन दाबा." ताई तापल्या. मुलाकडचे आधी का म्हणून? मग ते उलटं केलं. कारेलीबागेतले एक आजोबा त्या आवाजालाच खरी बाई समजून नातीची सगळी माहिती सांगत बसले, आणि बाई मध्ये मध्ये तेच तेच बोलते म्हणून रागावून फोन आपटून मोकळे झाले. त्यात माणसाला थांबवून ठेवायचं बटण दाबलं की पलीकडे सनई वाजायची.

"लग्न ठरायच्या आधीच सनई?" ताई म्हणाल्या. "आणि तिष्ठत ठेवायचं माणसाला? माझ्याकडे नाही हो ही पद्धत. माझे दोन्ही रिसीव्हर चालू असायचे. तसं एखादं बटण नाही का?"

"आहे ना! हे दाबलं की दोन्ही लायनी एकदम चालू," आनंद म्हणाला आणि वाघोडियाला दुसऱ्या कामावर निघून गेला.

दोन्ही लायनी चालू म्हणजे दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू जातं, हे तो सांगायला विसरला. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. मावशी मध्ये बसून पदर दाबते, हे त्याला कुठे ठाऊक!

त्याच सुमाराला जवळच्याच पादरा गावाहून स्थळ आलं. समरजित मोहिते. भाजीपाल्याचा घाऊक व्यापार, घरची शेती, मुलगा देखणा आणि मुख्य म्हणजे मुलामुलीची दोनदा भेट होऊन पसंती झालेली. संयोगिता घरी येऊन चक्क गुणगुणत होती. माझ्या घरात गुणगुणणं! मी बायकोला म्हटलं, हे स्थळ मोडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. ती म्हणाली, "मग तोंड बंद ठेवा."

बोलणी करायचा दिवस आला. ताईंचा नियम असा, की बोलणी चालू असताना दोन्ही घरांपैकी कुणीही ऑफिसात बसायचं नाही. त्यामुळे मी जिन्याखाली, माझ्याच गल्ल्यावर, कानाला तो नवा फोन लावून बसलो. पादऱ्याहून मुलाची आई गंगाबाई. मध्ये ताई.

खट्ट आवाज झाला आणि मला कुठल्याशा बाईचा खणखणीत आवाज ऐकू आला. "एवढ्या लांब जायचं म्हणजे पहाटेच निघावं लागणार. माझे गुडघे गेलेत. अंधारात उठून डबा करणं मला जमायचं नाही, आधीच सांगून ठेवते!"

मला वाटलं क्रॉस कनेक्शन. पूर्वी व्हायचं तसं. कुणाचे गुडघे, कुणाचा डबा, मला काय! मी गप्प राहिलो. मग ताईंचा मऊ आवाज आला, "गजाभाऊ, त्या म्हणतात, नोकरीचं सवडीनं बघू."

झालं. बायकोनं सांगितलेलं सगळं विसरलो. "बघू? काय बघू? सांगा त्या बाईला, माझी पोर नोकरी सोडणार नाही! दुधीभोपळ्याच्या राशी मोजायला शिकवलं नाही मी तिला! पाहिजे तर करा, नाहीतर दुसरीकडे बघा!"

 ताई, सवयीप्रमाणे रिसीव्हरवर पदर दाबून काढला, आता मला काही ऐकू जाणार नाही, या भरवशावर निवांतपणे पलीकडे सांगू लागल्या, "गंगाबाई, शिर्के म्हणतात, तुमच्या मनासारखं होईल."

"कोण म्हणालं?" मी आणि गंगाबाई एकदम ओरडलो.

अरे देवा!  ही क्रॉस कनेक्शनवालीच गंगाबाई होती. तिनं दुधीभोपळ्यासकट सगळं ऐकलं होतं. वरून ताईंचा नुसता "अगंबाई!" एवढाच आवाज आला.

"अहो शिर्के," गंगाबाई कडाडल्या, "नोकरी सोडा असं मी कधी म्हटलं? माझी स्वतःची मुलगी बँकेत आहे! मी डब्याचं विचारत होते!"

"मग सरळ विचारायचं ना!"

"सरळच विचारलं! या ताईंना विचारा!"

"डबा तिचा तिनं करावा. नाही जमलं तर मी देईन! माझ्या दुकानावरूनच जाते तिची बस!"

"तुम्ही द्याल? चहा तरी येतो का करता?"

"नाही येत! शिकेन!"

 मग गंगाबाई हसायला लागल्या. मोठमोठ्यानं, पार खोकला येईपर्यंत. "काय हो, घरीपण असेच ओरडता?"

"याहून जास्त."

"आमचे हेही असेच होते," त्या म्हणाल्या. "गेल्यापासून घर अगदी मुकं झालंय. पोरगी बापावर गेली असेल तर बरंच आहे. ताई, साखरपुड्याची तारीख काढा."

मी उड्या मारत जिना चढलो. वर ताई त्या बटणांच्या फोनसमोर बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत तसंच. चेहरा उतरलेला. मी पेढ्यांचं बोलत होतो, त्यांचं लक्षच नव्हतं.

"गजाभाऊ, आधीची स्थळंसुद्धा अशीच गेली असतील का हो?" त्या म्हणाल्या. "त्यांनीही डब्याचंच विचारलं असेल, आणि मी बघू म्हणून सांगितलं असेल?"

 माझ्याच पोरीची स्थळं ती. क्षणभर राग आलासुद्धा, लपवत नाही. पण त्यांच्याकडे बघून तो गेला.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचंही एक लग्न ठरत आलं होतं. मुलाला त्या पसंत होत्या. वडिलांच्या कचेरीतल्या फोनवर मुलाचे वडील म्हणाले, मुलगी फार ठेंगणी आहे. ताईंचे वडील म्हणाले, तुमचा मुलगा कुठे मोठा राजबिंडा! तिथेच संपलं. "दोन शब्द हो, गजाभाऊ. कुणी मध्ये असतं आणि ते दोन शब्द गिळले असते, तर..." त्यांचे डोळे भरून आले. "म्हणून मी मध्ये बसले. आणि बसून हे केलं."

मी तापट माणूस, मला समजूत घालता येत नाही. तरी म्हटलं, "ताई, इतकी लग्नं लावलीत, ती काय फोननं लावली? माझ्यासारख्याला कुणीतरी मध्ये लागतंच." त्यांनी चष्मा पुसला आणि मला पेढे आणायला पिटाळलं.

लग्न पादऱ्याला दणक्यात झालं. पाठवणीच्या वेळी मी मंडपवाल्याशी दिव्यांच्या माळांवरून भांडत होतो. मुद्दामच. पोरीकडे बघवत नव्हतं. संयोगिता पाया पडायला आली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "हेल्मेट घेतलंस का?" सगळे हसले. ती नाही हसली.

नंतर घर खायला उठायचं. पानात जास्तीची पोळी वाढणारं कुणी नाही. संयोगिता अजून रजेवर होती, त्यामुळे बसही दुकानावरून नुसतीच जायची. तिला फोन करावा तर काय बोलायचं? मी फोनवर भांडू शकतो, बाकी काही येत नाही मला.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी गल्ल्यावरचा फोन उचलला आणि तीन दाबलं.

"ताई, काही नाही, सहज," मी म्हटलं. "गेली एकदाची तुमची संयोगिता. घरात शांतता झाली. बरं झालं."

"थांबा हं," ताई म्हणाल्या. एक खट्ट आवाज झाला. सनई नाही, काही नाही. मग त्या कुणाला तरी सांगू लागल्या, "बाळ, बाबा म्हणतात, तुझ्याशिवाय करमत नाही. घरात पाऊल ठेववत नाही म्हणतात."

"अहो ताई!" मी ओरडलो. "मी असं कधी म्हणालो?"

"बाबा," पलीकडून आवाज आला. ओला, जड. "मी लायनीवर आहे. ताईंशीच बोलत होते. ऐकलं मी सगळं."

पटेल दुकानासमोरून जात होता. माझ्या डोळ्यांत पाणी बघून तो थबकला, आणि पहिल्यांदाच शांती राखायला न सांगता निघून गेला. मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. वर ताईही मध्ये पडल्या नाहीत.

"सोमवारी कामावर रुजू होते आहेस ना?" शेवटी मी म्हटलं. "बस इथे थांबली की उतर जरा. डबा तयार ठेवतो."

"तुम्ही केलेला?"

"मीच केलेला. पोळ्या जरा जाड होतात अजून," मी म्हटलं, "पण एक जास्त घालीन."