फिल्टर झाडायची वेळ

भजनी मंडळातल्या बायका मला म्हणतात, "तुमच्या अंगणातलं काहीतरी सांगा." ट्रॅक्टरवाल्याच्या घरात किस्से धुळीसारखेच साठतात हो. सकाळी देव्हारा पुसावा, तर संध्याकाळी परत बोटाला लागतेच.

आम्ही बोरी बुद्रुकचे. आमच्या ह्यांना सगळे आबा म्हणतात. ह्यांचा ट्रॅक्टर आणि शेजारच्या दत्ताभाऊंचा ट्रॅक्टर, दोन्ही आमच्याच अंगणात उभे राहायचे. ढेकळं फोडायचा रोटर मारून नाहीतर बाजरीची मळणी करून आले की चहाच्या आधी एअर फिल्टर उघडायचा. इंजिन ज्यातून हवा ओढतं, तो कागदी घड्यांचा डबा. तो टायरवर हलके हलके आपटला की पिठासारखी धूळ पडायची आणि उडून माझ्या तुळशीवर बसायची. हे फिल्टर झाडायचे, मी तुळस धुवायची. दोघांचा संध्याकाळचा नेम.

*

दत्ताभाऊंनी एकदा महिन्याभरापूर्वीच घेतलेला फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवून धुतला आणि दोरीवर माझ्या पातळाशेजारी वाळत घातला. हे आले आणि बघतच राहिले.

"दत्ता, ह्यो कागद हाय."

"आसंना का आबा. किती पांढरा निघालाय बघा."

वाळल्यावर त्याच्या घड्या कुरडईसारख्या वाकड्यातिकड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पिंपरी पेंढारच्या एका रानात ट्रॅक्टर काळा धूर ओकत उभा राहिला. मंचरहून दुसरा फिल्टर येईपर्यंत दत्ताभाऊ बांधावर बसून होते. संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी, धुतलं म्हंजी सगळंच सोवळ्यात येतं आसं न्हाई."

हे हसले. हसता हसता खोकले. तेव्हा त्या खोकल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

*

माझा सोमवारचा उपवास असतो. त्या दिवशी खोटं बोलायचं नाही, हाही नेम त्यातलाच, माहेरपासूनचा.

अशाच एका सोमवारी वरच्या आळीचे एक मामा दारात आले. दत्ताभाऊंनी त्यांना सकाळी रान करून द्यायचा शब्द दिला होता आणि गेले होते भलत्याच्याच रानात.

"दत्ता हाय का हितं?"

टायरमागून दत्ताभाऊ मला हातानं नाही नाही म्हणून सांगतायत.

मी म्हटलं, "आहेत. मोठ्या चाकामागं बसलेत."

मामांनी त्यांना दंडाला धरून नेलं. जाता जाता दत्ताभाऊ ह्यांना म्हणाले, "आबा, तुमच्या घरी सोमवारी लपायची सोय न्हाई राव."

"तुझं बरं हाय," हे म्हणाले, "मला हितंच राहायचंय."

*

खोकला हटेना. मी जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा फाडला, कडा दुमडून शिवल्या आणि म्हटलं, "रानात तोंडाला बांधत जा."

संध्याकाळी बघते तर तो तुकडा ट्रॅक्टरच्या हवा घ्यायच्या टोपीला बांधलेला.

"अहो, हा तुमच्यासाठी होता."

"त्याला जास्त धूळ लागती. त्यो बसला तर आपुन काय करायचं?"

मी दुसरा शिवला. तो दत्ताभाऊंच्या ट्रॅक्टरला गेला. म्हणे, एकालाच दिलं तर दुसऱ्याला वाईट वाटतं.

*

शेवटी मंचरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "काम काय करता?"

हे म्हणाले, "ट्रॅक्टर."

"छातीत धूळ बसलीय, आबा. इथून पुढं धुळीत जायचं नाही."

"डाक्टरसाहेब, आतनं हवा मारून झाडता न्हाई येत? आमी फिल्टरला मारतो तशी?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हा झाडता येत नाही."

बाहेर हायवेवर कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. रस्ता ओलांडायला मी ह्यांचा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"मंचरात आलोच हाय," हे म्हणाले, "तर ट्रॅक्टरचा फिल्टर घेऊन टाकू."

घेतला. एसटीत घरापर्यंत मांडीवर धरून बसले.

*

नवस बोलायला लेण्याद्रीला गेलो. अर्ध्या पायऱ्यांवर ह्यांना धाप लागली.

"तू जा वर. मी हितनंच हात जोडतो."

"आणि दर्शन?"

"हितला गणपती पाठ करून बसलाय. मी अर्ध्यातनं फिरलो, हे त्याला कुठं दिसतंय?"

मी वर जाऊन रडून घेतलं. खाली आले तेव्हा हे माकडांना प्रसादाचे शेंगदाणे टाकत होते. नवस बोललाय. तो ऐकेल, मला खात्री आहे.

*

आता हे खिडकीशी पलंगावर असतात. उशाला ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी. मशीनला मागून स्पंजाची जाळी आहे. ती धुवायला झाली की हेच मला आठवण करतात. आमचा ट्रॅक्टर दत्ताभाऊ चालवतात, माझ्या पातळाचं फडकं तोंडाला बांधून.

परवा सोमवारी ते घरामागच्या वावरात कांद्यासाठी रोटर मारत होते. हे डोळे मिटून ऐकत पडलेले. एकदम म्हणाले, "इंजिन घुसमटतंय. फिल्टर चोंदलाय. दत्ताला सांग."

"सकाळी झाडला असेल त्यांनी."

"मला ऐकू येतंय की. दम लागलाय त्याला. जा तू."

मी पदर तोंडाला लावून वावरात गेले. दत्ताभाऊंनी ट्रॅक्टर बंद केला, फिल्टर काढला, टायरवर आपटला. काही पडलं नाही. फिरवून पुन्हा आपटला.

"वहिनी, कोरा हाय. सकाळीच झाडलाय." मग घराच्या खिडकीकडे बघत राहिले. "आबांना काय सांगनार?"

मी पदर पुन्हा तोंडाला लावला.

त्यांनी फिल्टर परत बसवला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आज सोमवार हाय, वहिनी."

मी घरात आले. हे दाराकडेच बघत होते.

"भरला व्हता ना?"

"गच्च भरला होता," मी म्हटलं. "पिठासारखी धूळ पडली. दत्ताभाऊंनी चांगला झाडला."

मागं ट्रॅक्टर सुरू झाला. ह्यांनी कान देऊन ऐकलं आणि डोळे मिटले.

"बघ," म्हणाले, "आता कसा मोकळा चाललाय."