पन्नासच्या पुढं मोजायचं न्हाई

उत्तरेकडच्या एका उंच पोस्टच्या खाली आमची सिग्नलची तुकडी होती. मी तिथे पोस्टिंगवर गेले तेव्हा पंचवीस वर्षांची कॅप्टन होते. हाताखाली बावीस जवान आणि काम एकच. वरच्या पोस्टपर्यंतची टेलिफोन लाइन चालू ठेवायची. रेडिओ होता, पण थंडीत बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नसे. सहा वाजता लाइन टेस्ट, सातला चहा, आठला कामं वाटून द्यायची. मी कमी बोलत असे. जवानांना ती शिस्त वाटायची. खरं तर मी लाजाळू होते, आणि आहे.

हवालदार संपत माझ्याच जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. मी कराडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, तुमी कराडच्या न्हवं? मग मराठी अशी बातम्या वाचल्यागत का बोलताय?"

मी रजिस्टरात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, "बातम्या झाल्या का, मॅडम?" तेव्हा हसू आलं.

फेब्रुवारीत दोन दिवस सलग बर्फ पडला. तिसऱ्या सकाळी सहाच्या टेस्टला वरून उत्तर नाही. आठ-तीसला लाइन पार्टी निघाली. मी, संपत आणि त्याला उस्ताद म्हणणारा हरियाणाचा सिग्नलमन कुलदीप. ऑफिसरने जायलाच हवं असं नव्हतं. मी गेले.

दहा-चाळीसला तुटलेली जागा सापडली. केबलचं खालचं टोक ओढायला मी कडेला गेले आणि पायाखालचा बर्फ सुटला. पंचवीस-तीस फूट खाली खडकावर डाव्या अंगाने पडले. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुखणं नंतर आलं.

वरून कुलदीपचा आवाज ऐकू येत होता.

"कंट्रोल फॉर लाइन पार्टी. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कॅन कॅज्युअल्टी वॉक? ओव्हर."

"नेगेटिव्ह. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नेगेटिव्ह. ब्रिंग डाउन. ओव्हर."

संपत दोराने खाली आला. मला पाठीवर घेतलं आणि टेलिफोनच्या केबलनेच स्वतःशी बांधून घेतलं. मोडलेल्या खुब्याचा पेशंट असा आणत नाहीत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिथे दुसरा मार्ग नव्हता. कुलदीप पुढे वाट करत होता. संपत पावलं मोजत होता. एक, दोन, तीन. पन्नास झाले की थांबून दोन श्वास घ्यायचा आणि परत एकपासून सुरू. एकदाही एक्कावन्न म्हणाला नाही. तीन तास मी तेवढंच ऐकत होते.

एक-पंचेचाळीसला आम्ही प्रथमोपचाराच्या एड पोस्टला पोचलो. त्याने मला स्ट्रेचरवर ठेवलं आणि उभ्यानेच चहाचा ग्लास तोंडाला लावला. मी म्हटलं, "लाइन?"

ती ऑर्डर नव्हती. सहा वाजता उठून जो प्रश्न रोज विचारायचा, तो तोंडातून निघाला.

"जोडतो, मॅडम," तो म्हणाला. ग्लास खाली ठेवला आणि कुलदीपला घेऊन परत वर गेला. ग्लासात अर्धा चहा होता.

तीन-पन्नासला एड पोस्टमधला फोन वाजला. नर्सिंग असिस्टंटने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"मॅडम, लाइन ओके. आवाज येतोय?"

"येतोय."

"मग उतरतो."

सावकाश या, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

चार-पंचवीसला फोन पुन्हा वाजला. कुलदीपच्या रेडिओची बॅटरी गेली होती. त्याने जवळचा टेलिफोनचा हॅंडसेट वाटेतच लाइनला जोडला होता. "मॅडम, बर्फ आया. उस्ताद दब गये." जी लाइन जोडायला संपत वर गेला, त्याच लाइनवर ही खबर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला.

माझ्या खुब्यात स्क्रू घातले. मेडिकल बोर्डापुढे मी दुखत नाही असं सांगितलं. लो मेडिकल कॅटेगरी लागली की बढती अडते, म्हणून आमच्यात बरेच जण तसंच सांगतात. मीही लंगडणं लपवून दीड वर्ष ड्युटी केली. तोवर खुब्यातला हाडाचा गोळा आतून वाळत गेला होता. शेवटी फौज सोडून कराडला आईवडिलांकडे आले.

त्या दिवसाला आता सात वर्षं झाली. दोन वर्षांमागे मिरजेच्या सर्जनने एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलं, "सांधा बदलावा लागेल. वय कमी आहे, पुढे कधी पुन्हा बदलावा लागू शकतो. आणि सगळंच दुखणं जाईल असं मी म्हणणार नाही." मी विचार करून सांगते म्हटलं आणि वर्षभर सांगितलं नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायला दहा मिनिटं लागायची. एसटीत कडेची सीट, शेकायची पिशवी, जिन्याला कठडा कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवणं. आई म्हणायची, "अगं, ऑपरेशनला घाबरतेस का?" मी हो म्हणायचे. ते सोपं होतं.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका शब्दाने एक माणूस वर गेला आणि माझ्याकडे फक्त दुखणं उरलं. तेही काढून टाकायचं, हे मला बरोबर वाटत नव्हतं.

संपतच्या गावामागे टेकडी आहे आणि टेकडीवर त्याच्या नावाचा दगड. तो गेला त्या तारखेला गाव वर जातं. फुलं नेत नाहीत. प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी नेऊन दगडावर ओततात. माणमध्ये फेब्रुवारीत एक तांब्या पाणी म्हणजे काय, हे तिथल्यांना सांगावं लागत नाही. मी दर वर्षी जायचे. गेल्या वर्षी पायथ्याशीच बसले. माझा तांब्या दुसऱ्या कुणीतरी वर नेला.

माझ्याजवळ संपतचे वडील थांबले. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. वय सत्तरच्या वर, अजून मेंढरं राखतात.

"मॅडम, पाय लय दुखतोय का?"

"थोडा."

"थोडा म्हंजे फौजी थोडा का आमचा थोडा?"

मग त्यांनी स्वतःच्या खुब्यावर थाप मारली. "ह्यो बी बदललेला हाय. सांगलीला, दोन वर्सं झाली. डाक्टर म्हनला, आण्णा, मांडी घालायची न्हाई. म्हटलं, आरं, मेंढरामागं फिरणाऱ्याला मांडी घालायला सवड कवा गावायची?"

मी हसले. आणि त्यांना सगळं सांगितलं. तो अर्धा ग्लास चहा, तो एक शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा. आण्णा टेकडीकडे बघत ऐकत होते.

"तू इचारलं नसतंस तर त्यो चहा पुरा पिऊन गेला असता," ते म्हणाले. "एवढाच फरक. लाइन तुटलीया आन् संपत बसून ऱ्हायलाय, आसं घडलं असतं व्हय?"

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"पोरी, त्यानं तुला पाठीवर आणली ती कशापायी? हितं धोंड्यावर बसाय?"

एवढं बोलून ते उठले, काठी टेकली आणि चढायला लागले. नव्या खुब्याचा सत्तरीचा माणूस. मी बघत राहिले. चढताना ते मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन. पन्नासला थांबले. परत एक.

ते खाली आल्यावर मी पन्नासचं विचारलं.

"मेंढरू खांद्यावर घिऊन चढताना पन्नासच्या पुढं मोजायचं न्हाई. शंभर म्हटलं की मानूस भितो. संपतला मीच शिकवलंय. तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," मी म्हटलं.

जुलैत मिरजेला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टने वॉकरला धरून उभं केलं. जखम दुखत होती. पण आतली ती जुनी ठणक तिच्या जागेवर नव्हती. मी दोनदा भार देऊन पाहिला. सहा वर्षं रोज सोबत असलेली गोष्ट एका सकाळी नसते, हे मला अजूनही खरं वाटत नाही. मी पहिली पावलं मोजली. सात झाली.

सगळं दुखणं गेलेलं नाही. मांडीत कळ येते, बसून उठताना पहिली चार पावलं लंगडते. सर्जनने तसं सांगितलंच होतं. आता त्या दुखण्याला मी संपतचं नाव देत नाही.

या फेब्रुवारीत तांब्या मी स्वतः वर नेला. एका हातात काठी, एका हातात तांब्या. आण्णा शेजारी होते. दोघांनी मिळून मोजलं. पन्नास, थांबा, परत एक. किती पन्नास झाले ते दोघांनीही मोजले नाहीत. वर पोचले तेव्हा अर्धं पाणी सांडलं होतं. उरलेलं दगडावर ओतलं. ओल्या दगडावर नाव स्पष्ट दिसलं. हवालदार संपत. तेवढ्यात ते वाळलंही.

"उतरायचं का?" आण्णांनी विचारलं.

"सावकाश, आण्णा," मी म्हटलं. "सावकाश."