खिडकीजवळचे बहिरे

बऱ्हाणपूरहून खकनारला जाणाऱ्या बसमध्ये हे गृहस्थ रोज खिडकीशी ऐसपैस बसतात, कानात बुचांसारखे इयरफोन कोंबून. बाकाच्या कडेला लटकत मी म्हणतो, "जरा सरका ना, भाऊ." ते कानाकडे बोट दाखवतात. बाहेरचं ऐकू येत नाही म्हणे!

गाण्याचे शब्द ते कधीच गुणगुणत नाहीत, मधली सनई तेवढी नाकातून वाजवतात. त्यावरून गाणं ओळखायची माझी आणि मागच्या मास्तरीणबाईंची भाजलेल्या शेंगांवर पैज लागते.

परवा आम्ही कुजबुजत भांडत होतो. हे डोळे मिटूनच म्हणाले, "दोनों गलत. शेंगा इकडे आणा."

मी पुडी दिली. म्हटलं, "मग आता सरका तरी!"

शेंग फोडत त्यांनी कानाकडे बोट दाखवलं.