अर्धा रिकामा सर्व्हर

पवनीच्या ढिवराघरचा, म्हणजे नावाड्यांच्या घरातला, खेमराज भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात संगणकांचं काम पाही. तिथं दोन मोठे सर्व्हर होते. एकेकाच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालत. खेमराजनं दोन्ही सर्व्हर मुद्दाम अर्धेच भरले होते. एक बंद पडला, तर त्याचा भार दुसऱ्याला उचलता यावा. त्याचा बाप तुलाराम वैनगंगेत दोन डोंगे सोडी, तेव्हाही असाच हिशोब करी. एक फुटला तर त्यातली माणसं दुसऱ्यात मावली पाहिजेत.

व्यवस्थापक ढोमणेसाहेब मात्र हसत. "अर्धी जागा काय पूजेले ठेवली का रे?" खेमराज मऊ स्वभावाचा. साहेब सांगत गेले, तो मशीन वाढवत गेला.

मे महिन्याच्या उकाड्यात एक सर्व्हर जळाला. दुसऱ्यावर सगळं मावेना. काहीतरी बंद ठेवणं भाग होतं. त्यानं रक्ततपासणीची मशीन चालू ठेवली आणि सिस्टरच्या टेबलावरचा पडदा बंद केला. त्या पडद्यावर साऱ्या खाटांवरच्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके दिसत. सिस्टर फिरून बघतील, असं त्याला वाटलं. सिस्टर एकटीच होती. कोपऱ्यातल्या खाटेवर सिहोऱ्याची तुळसाबाई गेली, ते कुणाला कळलंच नाही.

तिचा नवरा परसराम विचारत होता, "टेबलावरची टीव्ही काहून बंद होती जी?"

"लाइट गेली होती," ढोमणेसाहेब म्हणाले.

"नाही, काका," खेमराज म्हणाला. "मीच बंद केली. दोन्ही सर्व्हर मीच भरून ठेवले होते."

साहेबांनी खेमराजला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. नव्या सर्व्हरवर किती मशीन बसवायची, ते आता ढोमणेसाहेबच ठरवतात.