विहिरीच्या तळातून

कॅमेरा पाण्यात चालतो असं खोक्यावर ठळक छापलं होतं, तरी मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच विहिरीवर नेला. आईने पिशवी काढून फेकली. "पाण्यातलाच आहे ना? मग भितोस कशाला?" चाळीस वर्षं याच विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या आईने कळशीला घालते तसाच दोराचा फास घातला आणि चालू कॅमेरा खाली सोडला.

कॅमेरा वर आल्यावर त्यातलं चित्रण काठावरच बसून बघितलं. हिरवा उजेड, एक कासव, गाळात रुतलेलं तांबं. "अगं बाई, माझी कळशी!" आई ओरडली. "लग्नाच्या वर्षी हातून सुटलेली!"

चित्रणात पुढे कॅमेरा तळावर उताणा पडला. ताटलीएवढं आभाळ दिसलं, आणि त्यात वाकलेला आईचा चेहरा. विहीर इतकी वर्षं रोज हेच बघत होती.